साच्यावरचा ओरखडा

१

नन्नाकाकांचं टेबल खिडकीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून मांडलेलं होतं. खिडकीतला उजेड लबाड, असं त्यांचं ठाम मत. सकाळी एक सांगतो, दुपारी दुसरंच. त्यापेक्षा आपला टेबलावरचा दिवा बरा, तो रोज एकाच कोनातून पडतो आणि रोज एकच बोलतो.

जुनी नाणी आणि तिकिटं विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ते बसत. लोक नाणी घेऊन येत. कुणाचं कडेला उंदराने कुरतडल्यासारखं, कुणाची अक्षरं दुहेरी, कुणाचं चित्र एका बाजूला घसरलेलं. घबाड लागल्याच्या आनंदात येत, कारण टांकसाळीतच चुकून असं पडलेलं नाणं शौकीन लोक वाट्टेल त्या भावाने नेतात. तेच नंतर कुणी ठोकून, घासून, पकडीत दाबून बिघडवलेलं असेल तर त्याला कुत्रं विचारत नाही. या दोन्हींतला फरक सांगणं हे नन्नाकाकांचं काम. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना ते "नाही" सांगत. सदा नन्नाचा पाढा, म्हणून नन्नाकाका. खरं नाव काय, हे दुकानदारालाही आठवावं लागे.

त्या मंगळवारी एक निवृत्त ड्रायव्हर समोर बसला होता.

"केवढी रेघ आहे बघा ना काका. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"खोल आहे. खोल रेघ नंतरची." काकांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "आणि ही कड बघा, धातू वर आलाय. मार बसला की धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो. किल्ल्यांबरोबर ठेवत होतात?"

"होतो," ड्रायव्हर ओशाळला. "आणि रेघ उंच असती तर?"

"तर ती साच्यातली. साच्यावर ओरखडा पडला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तो उंच उठतो. तीच जागा, तीच लांबी. मार ज्याचा त्याचा असतो हो. साच्याची खोट मात्र सगळ्यांच्या अंगावर सारखी."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजार वेळा म्हटलं असेल. त्याच संध्याकाळी त्यांची बायको थोरल्या बहिणीकडून परत यायची होती. बहीण आजारी म्हणून गेली होती, चार दिवसांचे बावीस दिवस झाले होते. बावीस दिवस काका स्वतःच्या हातचं खाऊन कंटाळले होते आणि खरं सांगायचं तर तिच्यावाचून करमतही नव्हतं. दुकानातून ते अर्धा तास आधीच निघाले.

२

ती आलेली होती. बॅग अजून दाराशीच आणि ही ओट्याजवळ उभी राहून डबे उघडून बघत होती.

"अहो, मीठ कुठे ठेवलंत? बावीस दिवसांत माणसाने स्वयंपाकघराची काय दशा करावी!"

काका हसले. आणि हसता हसताच त्यांना ती रेघ दिसली. डाव्या जबड्याच्या कडेला, कानाखाली दोन बोटं सोडून. तांदळाच्या दाण्याएवढी आणि खालच्या टोकाशी दुभंगलेली.

"हे काय लागलं तुला?"

"कपाटाचं दार लागलं ताईकडे."

तिने हे मान न वळवता सांगितलं. काकांनी जवळ जाऊन अंगठा फिरवला. रेघ उंच होती. आजूबाजूची कातडी जशीच्या तशी, ना सूज, ना लाली, ना खपली. लागलं तर काहीतरी सरकायला हवं. इथे काहीच सरकलेलं नव्हतं. जणू ती रेघ कातडीबरोबरच आलेली.

"अहो, नाणं नाही मी. हात काढा."

ते पुन्हा हसले, पण जेवताना त्यांचं लक्ष लागेना. त्यांनी स्वतःला समजावलं की माणसाची कातडी म्हणजे धातू नव्हे. काहींची जखम भरताना वर येते. डॉक्टर लोक त्याला काहीतरी नाव देतात, दोन वर्षांत बसतेही. शिवाय बाकी सगळं तर तिचंच होतं. पाणी पिताना डोळे मिटणं तिचं. पंख्याखाली उडणारा पेपर घडी करून ठेवणं तिचं. स्वयंपाकघर ते बाथरूम हा बोळ ती नेहमी सात पावलांत ओलांडते, शेवटचं पाऊल जरा घासत. पुढचे पाच दिवस काका पेपर तोंडासमोर धरून ती पावलं मोजत होते. सात. शेवटचं घासत. प्रत्येक वेळी.

त्यांना याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपण मोजतोय याचीच त्यांना लाज वाटली.

३

सोमवारी दुकानात एक बाई आल्या. कापलेले पांढरे केस, जाड काचांचा चष्मा, खांद्याला भलीमोठी पर्स. वडिलांच्या पेटीत सापडलं म्हणून एक नाणं त्यांनी टेबलावरच्या काळ्या कापडावर ठेवलं.

काकांनी ते दिव्याखाली फिरवलं. पकडीत दाबलेलं होतं, दोन मिनिटांचं काम. "नाही हो बाई, हे नंतरचं आहे," म्हणत त्यांनी मान वर केली. बाईंच्या डाव्या जबड्यावर, कानाखाली दोन बोटं सोडून, तांदळाच्या दाण्याएवढी रेघ होती. खालच्या टोकाशी दुभंगलेली.

"मला पण दाखवा ना," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि भिंगाला डोळा लावायला त्या दिव्याच्या उजेडात वाकल्या.

नन्नाकाकांनी चौतीस वर्षं जो चेहरा पाहिला होता तो एका हाताच्या अंतरावर होता. केस वेगळे, नाकपुडीपाशी पावडर, ओठांना रंग. पण कपाळ, भुवयांमधली आठी, वरच्या ओठाचा डावीकडे जरा उचललेला कोपरा, सगळं तेच.

"काही दिसत नाही बाई मला," ती म्हणाली. सुई ओवताना बायको हेच म्हणते, याच सुरात.

सवयीने काकांनी विचारलं, "हे काय लागलं तुम्हाला?"

"कपाटाचं दार लागलं."

"कधी?"

बाईंनी विचार केला. बराच वेळ केला. "कधी बरं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "लागलं खरं."

"बहिणीकडे?"

त्यांनी चष्मा घातला. नाणं उचललं, पर्सची चेन ओढली आणि खुर्ची मागे सारली. "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं, पण उत्तराला थांबल्या नाहीत. काका उठून बाहेरच्या दुकानात येईपर्यंत काचेचं दार हलत होतं आणि रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती.

जगात एकासारखी सात माणसं असतात म्हणे. वय झालं, डोळे थकले, पाच दिवस मनात एकच किडा वळवळतोय, मग दिसणारच. असं सगळं काकांनी उभ्या उभ्याच स्वतःला सांगून टाकलं. जवळजवळ पटलंही.

काउंटरवरचा दुकानदार तिकिटांचा अल्बम मिटत म्हणाला, "वहिनींनी केस कापले वाटतं? ओळखच देईनात आज. रागावल्यात का आमच्यावर?"

४

त्या संध्याकाळी काका घरी गेले तेव्हा बायको टेबलापाशी भाजी चिरत होती. केस लांब, मागे बांधलेले. ते समोर बसले आणि सहज गप्पा माराव्यात तशी सुरुवात केली.

"काय गं, आपल्या पहिल्या खोलीच्या मालकाचा तो कुत्रा होता ना, त्याला काय हाक मारायचे?"

"साहेब. मालकाला सगळे नावाने हाक मारायचे आणि कुत्र्याला साहेब."

"आणि लेकीचा पहिला दात पडला तेव्हा?"

"गिळला तिने. तुम्ही डॉक्टरकडे पळालात एक चप्पल घालून."

काकांनी आणखी तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या उत्तरानंतर तिने सुरी खाली ठेवली.

"अहो, तुम्ही माझी परीक्षा घेताय का?"

काकांनी टेबलावरची भाजी उगाच एका बाजूला सारली. चोरी पकडली गेली होती.

"पाच दिवस बघतेय मी. मी बोळातून गेले की तुमचे ओठ हलतात. भिंगातून बघावं तसं बघताय माझ्याकडे." तिचा आवाज फुटला. "घ्यायचीच आहे ना परीक्षा, तर मग तेच विचारा. नऊ दिवसांचं विचारा."

लेकीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. नऊ दिवस काचेच्या पेटीत होता आणि दहाव्या दिवशी नव्हता. नाव ठेवायचं राहून गेलं. लेकीलाही हे कधी सांगितलं नव्हतं. आपसांतसुद्धा दोघांनी तो विषय कधी काढला नव्हता, काढवलाच नव्हता.

"आठव्या दिवशी नर्सने मला पेटीत हात घालू दिला," ती म्हणाली. "तुम्ही खाली फॉर्म भरत होतात. त्याने माझं बोट धरलं. हे, या हाताचं. चांगलं घट्ट धरलं. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला ते मिळालं नव्हतं आणि मला मिळालं होतं. आता बोला. खरी आहे का मी?"

काका उठून तिच्यापाशी गेले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. किती वर्षांनी रडले कोण जाणे. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, हाताला भाजीचा वास होता.

आता शहाण्या माणसाने इथेच थांबायचं की नाही? खरी असो, खोटी असो, जिला हे माहीत आहे ती आपली. पण ज्या माणसाने तीस वर्षं शंका घेऊन पोट भरलं त्याला थांबता येत नाही. एकदा किंतु शिरला की खरेपणाच्या दाखल्यावर त्याची सही होत नाही. अंथरुणाला पाठ टेकली की त्यांना ती दुभंगलेली रेघ दिसे, दोन चेहऱ्यांवर, एकाच जागी. गुरुवारी दुपारी त्यांनी दुकानातून थोरल्या मेव्हणीला फोन लावला.

"ताई, हिला तुमच्याकडे कपाटाचं दार लागलं म्हणते. खरं का?"

मेव्हणी अगदी मोकळेपणाने म्हणाली, "का हो? खोट दिसतेय का?"

काकांनी तो शब्द वापरला नव्हता.

"रविवारी घेऊन या ना," ती म्हणाली. "बघून देते."

५

बायको जायला तयार नव्हती.

"आत्ताच तर आले. पुन्हा कशाला?"

"तासाभरात परत येऊ गं."

"नको ना. मला नाही जायचं तिकडे." जिन्याच्या कठड्याला तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. का नाही जायचं, हे तिला सांगता येईना. काकांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, हळूच, हसत हसत, लहान मुलाची सोडवावी तशी. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली आणि सबंध वाटेत एक शब्द बोलली नाही.

मेव्हणीचं घर तळमजल्यावर होतं. बाहेरची खोली, मग एक छोटा बोळ, त्यापुढे आतली खोली आणि तिला आखूड पडदा. मेव्हणीने दार उघडलं. काकांनी तिला दोन वर्षांनी पाहिलं. आजारी माणसासारखी मुळीच दिसत नव्हती. चेहरा तुकतुकीत, साठीच्या बाईचा वाटू नये इतका. डोळ्यांच्या कडेला एक सुरकुती नाही. तिने बहिणीचा जबडा उजेडाकडे वळवला, अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

"चल गं आत," ती म्हणाली. बायकोने वळून काकांकडे पाहिलं. मग ती गेली.

काका आणि त्यांचे साडू समोरासमोर बसले. साडू पूर्वी फार बडबडे. आता ते गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होते. आतून आवाज यायला लागला. घासल्याचा. फार बारीक, संथ, पाटीवर ओलं फडकं फिरवावं तसा. बोलणं नाही, भांड्याचा आवाज नाही, नुसता तो.

"काय चाललंय आत?" काकांनी विचारलं.

"तक्रार केलीत ना तुम्ही?" साडू खालच्या आवाजात म्हणाले.

"तक्रार कसली? मी फक्त विचारलं."

"मीही विचारलं होतं." साडूंनी आतल्या बाजूला पाहून घेतलं. "हिच्या कपाळावर होती. बारीकशीच. दिसली नसती तरी चाललं असतं. एकदा विचारलं. मग पुन्हा जरा राहिली म्हणून आणखी एकदा विचारलं. आता नाही विचारत."

काका उठले. ते बोळापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याखालून बायकोची पावलं दिसत होती, अनवाणी, दाराकडे टाचा केलेली. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, लग्नाआधीपासून तसंच. आणि त्या पावलांसमोर, बोटांना बोटं भिडतील इतक्या जवळ, आणखी दोन पावलं होती. त्यांतल्याही उजव्याचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. मेव्हणी जरा बाजूला उभी असावी, तिच्या सपाता वेगळ्या दिसत होत्या.

घासण्याचा आवाज थांबला. काका झटकन वळले आणि खुर्चीत येऊन बसले. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

जरा वेळाने बायको बाहेर आली. एकटीच. तिने मान वळवून डावा जबडा पुढे केला.

"बघा. गेलं की नाही?"

गेलं होतं. कातडी स्वच्छ होती. आतल्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली, पण तोपर्यंत मेव्हणी निरोपाचं बोलायला लागली होती आणि चपला दाराशी होत्या.

६

परतीच्या बसमध्ये ती छान बोलत होती. रस्त्यावरची नवी दुकानं दाखवत होती. काकांनी तिचा हात हातात घेतला. जुन्या फोटोंतल्यासारखाच जबडा, डाग नाही, रेघ नाही. झालं, मिटलं. किती दिवस आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला, असं त्यांना वाटलं आणि मन हलकं झालं. दोन थांबे गेले तोवर ते हलकंच होतं.

मग त्यांना टांकसाळीतली एक रीत आठवली. साच्यावर ओरखडा पडला तर साचा फेकून देत नाहीत, महाग असतो. तो घासतात. ओरखडा दिसेनासा होईपर्यंत घासतात. ओरखडा जातो, पण घासणारा हात ओरखड्यापुरता थांबत नाही. साच्यात जे जे फार उथळ कोरलेलं असतं, तेही त्याबरोबर जातं. पानाची शीर, पाखराच्या पायाची नखं, माणसाच्या भुवईतला केस. अशी नाणी त्यांनी पुष्कळ पाहिली होती. नितळ, सुरेख, आणि बघता बघता कळायचं की यात काहीतरी नाही.

ते तिच्याकडे बघायला लागले. तिने विचारलं, "काय बघताय?" आणि ती हसली. हसली तेव्हा डोळ्यांच्या कडेला काही उमटलं नाही.

घरी पोचल्यावर ती ओट्यापाशी गेली. काका टेबलापाशी बसले. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. विचारू नये, असं त्यांचं सगळं अंग सांगत होतं. साडूंचं खाली घातलेलं डोकं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तरी त्यांनी विचारलं, कारण न विचारता ते जगू शकले नसते.

"मालकाच्या कुत्र्याला काय म्हणायचे गं?"

"साहेब," ती लगेच म्हणाली. "का हो?"

काकांनी श्वास सोडला. "आणि आपली मुलं?"

"मुलं?" ती गमतीने म्हणाली. "एक लेक आहे आपल्याला. विसरलात?"

"तिच्या आधी."

ती वळली. आठवायचा तिने खरोखर प्रयत्न केला. कपाळ नितळ होतं.

"तिच्या आधी काय?"

काकांनी तिला सांगितलं. काचेची पेटी सांगितली, नऊ दिवस सांगितले, नाव ठेवायचं राहिलं तेही सांगितलं. ती हात पुसत समोर येऊन बसली आणि शेजारणीचं दुःख ऐकावं तसं तिने मन लावून ऐकलं. योग्य जागी तिचे डोळेही भरून आले. काकांना आता थांबता येईना. जे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, जे त्यांना सहा दिवसांपूर्वी पहिल्यांदा कळलं होतं, ते आता जगात फक्त त्यांच्यापाशी उरलं होतं.

"आठव्या दिवशी," ते म्हणाले, "त्याने तुझं बोट धरलं होतं. घट्ट."

"माझं?"

तिने हात वर करून बोटं उजेडात धरली. उलटीपालटी करून पाहिली. मग तिने काकांच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मायेने मान हलवली.

"तुम्ही म्हणता तर धरलं असेल," ती म्हणाली.